झोपलेले डोळे

आमच्या सोसायटीच्या चौकात तुळशीवृंदावन आहे आणि त्याच्याभोवती हिरवळीचा चौकोन. यंदा पावसाळ्याआधी कमिटीत ठरलं, की या चौकोनाच्या चारही कडांना गुडघ्याएवढं, बारमाही हिरवं, दोरी लावून कापल्यासारखं झुडपांचं कुंपण करायचं. माझी सारी नोकरी बागांमध्ये गेली, म्हणून झुडूप निवडायचं काम माझ्याकडे आलं. आणि माझ्याकडे आलेलं काम आठवीतल्या नातीकडे आपोआप जातं. दुसऱ्याच दिवशी ती रोपवाटिकेतून दरपत्रक घेऊन आली.

"आजोबा, मोरपंखी लावू या. किती गोड दिसते! आणि तिची पानं कधीच झडत नाहीत."

"पानं झडतात गं. सदाहरित झाडही पानं टाकतं. पळसासारखं एकदम बोडकं होत नाही, इतकंच. थोडी थोडी टाकतं, तोवर नवी आलेली असतात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पण मोरपंखीचं नाव पक्कं करायच्या आधी तुला काहीतरी दाखवतो. आजीच्या तुळशीपाशी चल."

आमच्या बाल्कनीतली तुळस चांगली घेरदार आहे. तिच्या शेजारीच एक तुळस आपोआप उगवलेली, तिला कोणी हात लावलेला नाही. ती काठीसारखी सरळ वर गेली आहे आणि खाली नुसतं खोड. नात म्हणाली, "आजीच्या तुळशीला खत जास्त मिळतं." मी म्हटलं, "खत दोघींना सारखंच. आजी रोज सकाळी मंजिऱ्या खुडते, शेंडे खुडते. फरक तिथे आहे."

मग मी तिला भिंग दिलं आणि पान जिथे खोडाला चिकटतं त्या काखेत बघायला लावलं. तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान, हिरवट, लव असलेला एक टिपका होता. समोरच्या पानाच्या काखेतही तसाच. आपले शेतकरी आणि माळी त्याला डोळा म्हणतात. उसाच्या कांडीला डोळा असतो, गुलाबावर डोळा भरतात, तोच हा डोळा. त्यात आख्खी फांदी घडी घालून ठेवलेली असते. पण तो झोपलेला असतो.

"कोणी झोपवलं त्याला?"

हा प्रश्न तिने विचारला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण हाच प्रश्न विचारायला शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं लागली. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि ते खोडातून खाली खाली उतरत राहतं. ते उतरतंय तोवर खालच्या डोळ्यांना जणू सांगावा असतो, की वरचा शेंडा धडधाकट आहे, तुम्ही पडून राहा. १९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपांवर एक साधा प्रयोग केला. शेंडा कापला, की खालचे डोळे फुटले. शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर शेंडा नसतानाही डोळे झोपूनच राहिले. म्हणजे डोळ्यांना झोपवणारी अंगाई शेंड्याकडून येत होती.

गोष्ट इथे संपली असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ऑक्सिन चालतं फार हळू, तासाला साधारण एक सेंटीमीटर. उंच वाटाण्याचा शेंडा खुडला, तर अगदी खालच्या डोळ्यापर्यंत ही बातमी पोहोचायला दीड-दोन दिवस लागायला हवेत. प्रत्यक्षात तो डोळा काही तासांतच हलायला लागतो. मग त्याला उठवलं कोणी? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्याचं उत्तर दिलं. त्याला साखर उठवते. वाढता शेंडा हा घरातल्या खादाड थोरल्या भावासारखा. पानांनी केलेली साखर सगळी तोच ओढून घेतो. शेंडा गेला, की तीच साखर भराभर खालच्या डोळ्यांकडे वळते. आधी पोटात साखर जाते आणि डोळा जागा होतो, ऑक्सिन ओसरल्याची खबर मागाहून येते.

नातीने लगेच त्या एकाकी तुळशीचा शेंडा नखाने खुडला. आठवडाभरात तिथे दोन फुटवे दिसायला लागले. त्या दोघांचे शेंडे खुडले तर चार होतील, मग आठ, मग सोळा. सहा वेळा खुडलं तर हिशेबाने चौसष्ट. झाड काही पाढे म्हणत नाही, काही डोळे मागे राहतात, पण कापलेल्या कुंपणाचा गच्चपणा येतो तो असा. कात्री कुंपणाला आकार देते असं आपल्याला वाटतं. कात्री फक्त झोपमोड करते, आकार देतात ते डोळे.

"आता मोरपंखीचं बघू," मी म्हटलं. मोरपंखीच्या हिरव्या पंख्यांत डोळे असतात, पण आतल्या जुन्या तपकिरी फांदीवर जागे होण्याजोगे डोळे जवळजवळ उरतच नाहीत. वरवर हलकी कात्री फिरवली तर ती छान राहते. एकदा का कात्री हिरव्याच्या आत, तपकिरी लाकडात गेली, की तिथे भोक पडतं आणि ते बुजत नाही. कितीतरी बंगल्यांच्या फाटकापाशी अशी भोकं पडलेली मोरपंखी मी पाहिली आहे. मालक पाणी वाढवतात, खत घालतात, पण तिथे उठायला कोणी झोपलेलंच नाही. उंच, न कापता वाढू द्यायची असेल तर मोरपंखी सुंदर. गुडघ्याएवढ्या, जन्मभर कापायच्या कुंपणाला ती नको.

नातीने दरपत्रकावर फुली मारली.

मग तिने विचारलं, की काही झुडपं मुळातच बुटकी असतात, ती का? त्यासाठी उसाकडेच परत जावं लागतं. दोन डोळ्यांमधला जो भाग, त्याला आपण पेर म्हणतो. पेरं लांब तर झाड उंच आणि विरळ. पेरं आखूड तर झाड ठेंगणं आणि पानं दाटीवाटीने. पेरं लांबवणाऱ्या द्रव्याचा शोध भातशेतीत लागला. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपं अचानक लांबच लांब, फिकट आणि लुळी होऊन पडायची. ते त्यांना मूर्ख रोपं म्हणत. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं, की त्या रोपांवरची बुरशी एक द्रव्य सोडते आणि त्याने रोप ताणलं जातं. त्या द्रव्याचं नाव जिबरेलिन. नंतर कळलं की झाडं स्वतःही ते तयार करतात. मेंडेलने ज्या उंच आणि बुटक्या वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे नियम बसवले, त्यातल्या बुटक्यांमध्ये हेच जिबरेलिन कमी पडतं, हे १९९७ मध्ये जनुक सापडल्यावर पक्कं झालं. आपल्याकडे नाशिकचे द्राक्षबागायतदार घड 'जीए'मध्ये बुडवतात, तेही हेच द्रव्य. घडाचे देठ लांबतात, मणी मोठे होतात.

तर, बुटक्या कुंपणासाठी झुडूप बघताना आखूड पेरं हवीत, बुंध्यापासून डोळे हवेत, जुन्या लाकडातही डोळे जागे व्हायला हवेत आणि पान लहान हवं. पान लहान का, ते नातीने स्वतःच शोधलं. सोसायटीच्या भिंतीकडे अकॅलिफा आहे, तळहाताएवढ्या पानांचा. त्यावर कात्री फिरवली, की पानं मधोमध फाटतात, दोन दिवसांत कडा करपून तपकिरी होतात आणि सगळं कुंपण उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतं. पान नखाएवढं असलं, की कात्रीखाली आख्खं येतं नाहीतर आख्खं वाचतं.

हे सगळे गुण एकाच झाडात असावेत असं कोणी मनात आणलं असतं, तर ते झाड युरोपातलं बॉक्स. नखाएवढं गुळगुळीत पान, अतिशय सावकाश वाढ, आणि हाडासारखं कठीण लाकूड. ताजं तोडलेलं बॉक्सचं लाकूड पाण्यात बुडतं. त्याच्या कोरीव डब्या करत, आणि इंग्रजीतला डबीसाठीचा बॉक्स हा शब्द या झाडाच्या नावावरूनच आला. त्याचा एक भाऊ आपल्या हिमालयातही आहे. जम्मूतल्या राजौरीकडे त्याला चिकरी म्हणतात आणि त्याच्या लाकडाचे कंगवे, चमचे करतात. युरोपात मात्र बॉक्सला दोन हजार वर्षांपूर्वीपासून कात्री लागते आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या टस्कनीतल्या बागेचं वर्णन एका पत्रात केलं आहे. तिथे बॉक्स कापून समोरासमोर उभे राहिलेले प्राणी केले होते, आणि अक्षरंही. त्या अक्षरांतून कुठे मालकाचं नाव, तर कुठे ते कापणाऱ्या माळ्याचं नाव. मालकाच्या बागेत माळ्याचं नाव हिरव्या अक्षरांत उभं, हे मला फार भावलं. पुढे फ्रान्समधल्या राजवाड्यांपुढे आणि इंग्लंडमधल्या वाड्यांभोवती बॉक्सच्या बुटक्या ओळींनी गालिच्यासारखी नक्षी आखली गेली.

आणि मग तिथेच घात झाला. १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये बॉक्सवर एक नवी बुरशी दिसली. पानांवर तपकिरी डाग, काड्यांवर काळे चट्टे, आणि बघता बघता पानगळ. या बुरशीला पान काही तास ओलं राहायला हवं असतं. आता विचार कर, चौसष्ट फुटव्यांनी गच्च झालेल्या कुंपणाच्या आत वारा शिरतो का? दव वाळतं का? ज्या दाटीसाठी माणसाने शतकानुशतकं कात्री चालवली, त्याच दाटीने बुरशीला ओलसर खोली बांधून दिली. त्यावर २००७ च्या सुमारास जर्मनीत एक पतंग सापडला, पूर्व आशियातून आलेला. पांढरे, तपकिरी किनारीचे पंख. त्याची हिरवी, काळ्या पट्ट्यांची अळी बॉक्सची पानं खाते, जाळी विणते, आणि पानं संपली की सालही कुरतडते.

"पण पतंग पूर्व आशियातून तिथवर उडत गेला?"

नाही गं. तो रोपांबरोबर गेला. सगळ्यात वाईट गोष्ट काळ्या समुद्राच्या काठी, रशियातल्या सोचीला घडली. तिथे २०१४ मध्ये हिवाळी ऑलिंपिक व्हायचं होतं. शहर शोभिवंत दिसावं म्हणून इटलीहून बॉक्सची रोपं आणली. २०१२ मध्ये त्या रोपांबरोबर हा पतंग उतरला. सोचीमागच्या कॉकेशस डोंगरांत बॉक्सची रानं होती. कात्री न लागलेली, शेकडो वर्षांची झाडं, खोडांवर शेवाळाच्या झालरी. दोन-चार वर्षांत ती रानं वाळली. झाडांचे डोळे त्या अळीपुढे काय करणार? फुटले की खाल्ले, फुटले की खाल्ले. साल गेल्यावर फुटायचेच थांबले. शहराच्या कडेला गुडघ्याएवढी शोभा हवी होती, आणि डोंगरातलं जुनं रान गेलं.

हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण नात गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्या राजवाड्यांचं काय झालं?" पॅरिसजवळ वो-ल-विकोंत नावाचा वाडा आहे. तिथला बॉक्स रोगाने आणि अळीने इतका खंगला, की २०१९ मध्ये तो उपटून त्या नक्षीच्या जागी काही काळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मांडल्या. इंग्लंडमध्ये अनेकांनी बॉक्ससारखंच दिसणारं जपानी होली लावलं. लांबून फरक कळत नाही, जवळ गेलं की बॉक्सची पानं समोरासमोर आणि होलीची एकाआड एक.

पुण्यात बॉक्स लावायचा प्रश्नच नाही, इथल्या मे महिन्यात तो तगायचा नाही. पण त्याची गोष्ट मी तिला सांगितली ती एका कारणासाठी. आमच्या दरपत्रकात दुसरं नाव होतं कामिनी. बारीक चकचकीत पानं, पांढरी घमघमणारी फुलं, कात्री सोसणारी, जुन्या लाकडातूनही फुटणारी. डोळ्यांच्या हिशेबात कामिनी पहिली येते. नातीने तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

मी नोकरीत नवा असताना विदर्भात होतो. एका विश्रामगृहाच्या आवारात मी मोठ्या हौसेने कामिनीचं बुटकं कुंपण केलं. दर पंधरवड्याला कात्री, कोपरे काटकोनात. शेजारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची संत्र्याची बाग होती. एकदा तो मला हाताला धरून माझ्याच कुंपणापाशी घेऊन गेला. कोवळी फूट वाकवून दाखवली. तिच्यावर तिळापेक्षाही लहान, करडे कीटक ओळीने बसले होते, डोकं खाली आणि शेपूट वर. खालच्या पिल्लांच्या अंगातून पांढरे मेणचट धागे निघत होते. ती संत्र्यावरची सायला. कामिनी ही संत्र्या-लिंबाच्याच कुळातली, कढीपत्ताही त्याच कुळातला. पान चुरडून वास घेतला तर नातं कळतं. ही सायला संत्र्याच्या झाडात ग्रीनिंगचे जिवाणू सोडते. पानं चट्ट्याचट्ट्याने पिवळी, फळं वेडीवाकडी आणि खालून हिरवीच, आणि झाड वर्षा-दोन वर्षांत खंगत जातं. त्यावर औषध नाही.

म्हातारा रागावला नाही. तो म्हणाला, "साहेब, माझ्या झाडाला नवती येते बहारापुरती. मधे ही उपाशी मरते. तुम्ही कात्री लावून तिला बारमाही नवती दिली." मी ते कुंपण त्याच आठवड्यात मुळासकट काढलं. त्याच्या बागेतली किती झाडं तोवर माझ्यामुळे लागली असतील, हे मला आजही सलतं. डोळा जागा केला की कोवळी फूट येते, आणि कोवळ्या फुटीवर कोण जेवायला येतं हे मी पाहिलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत चार लिंबं आहेत, दोन ईडलिंबं, आणि प्रत्येक घराच्या कुंडीत कढीपत्ता. नातीने कामिनीपुढची खूण खोडली.

बाकीची नावं आम्ही भराभर पाहिली. मेंदी आणि कोयनेल ही आपल्याकडची जुनी, भरवशाची कुंपणं. दोघींनाही डोळ्यांची कमी नाही. पण कोयनेल पावसात इतक्या जोराने वाढते, की ती डोक्याएवढ्या कुंपणालाच बरी, आणि मेंदी कोरड्या दिवसांत विरळ होते. सोनेरी ड्युरांटा सगळीकडे दिसतो. त्याची पिवळी फळं विषारी असतात, आणि चौकात तर खेळायला लहान मुलंच येतात. करवंद काटेरी, शेताच्या बांधाला उत्तम. मिनी एक्झोरा मला फार आवडतो. कोकणात, जांभ्या दगडाच्या मातीत असतो तर दुसरं काही पाहिलंच नसतं. पण आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं, भांड्यावर पांढरा थर चढवणारं. अशा मातीत एक्झोराला लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून पानं पिवळी पडतात.

शेवटी उरलं मालपिजिया. वेस्ट इंडीजमधलं झुडूप. पान अंगठ्याच्या नखाएवढं, चकचकीत, कडेला बारीक दाते. पेरं आखूड, पानं समोरासमोर, म्हणजे कापलं की दोन डोळे एकदम जागे. फिकट गुलाबी फुलं, पाकळ्यांना झालर. वाढ इतकी सावकाश, की माळीदादांना वर्षातून मोजक्याच वेळा कात्री धरावी लागेल, आणि कात्री कमी तेवढी कोवळी फूटही कमी. त्याचं नाव मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याच्या आठवणीसाठी ठेवलेलं आहे. त्याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या. नात म्हणाली, "हे आम्हाला शाळेत आहे!" मग मालपिजियाचं नाव तिच्या दृष्टीने पक्कं झालं. माझ्या दृष्टीने ते लिंबामुळे आणि पाण्यामुळे पक्कं झालं होतं.

चौकोनाची बाजू ८ मीटर. एकेरी ओळ, दोन रोपांत वीतभर अंतर. नातीने वीत २३ सेंटीमीटर धरून १३९ रोपं काढली. मी १५० सांगितली. जास्तीची रोपं कुंड्यांत, चौकापासून लांब, गच्चीवर राहतील. कुंपण एकसारखं दिसायचं तर सगळी रोपं एकाच आईच्या फांद्यांची लागतात, आणि ती आजारी पडली तरी एकसारखीच पडतात. सोचीची गोष्ट ऐकल्यावर तिला हे निराळं सांगावं लागलं नाही. आणलेली रोपंही महिनाभर बाजूला ठेवून, पानं उलटी करून तपासायची आणि मगच जमिनीत लावायची, असं तिने स्वतःच वहीत लिहिलं.

आता राहिली पहिली छाटणी. बहुतेक कुंपणं इथेच बिघडतात. लावल्यावर सगळ्यांना उंची हवी असते, म्हणून कात्री लावत नाहीत. रोप गुडघ्याला पोहोचतं, मग वरून सपाट कापतात. वरचे डोळे जागे होतात, वर दाट छत्री तयार होते, खाली अंधार पडतो, खालची पानं झडतात आणि कुंपणाचे पाय उघडे पडतात. म्हणून रोपाने मूळ धरलं, नवी पानं दिसली, की ते अर्ध्यावर कापायचं. वीतभर रोप अर्धी वीत करायचं. पैसे देऊन आणलेलं रोप असं कापताना हात आखडतो, पण बुंध्याशी झोपलेले डोळे दुसऱ्या कशाने उठत नाहीत. आणि पुढे दर छाटणीला तळ रुंद, माथा किंचित अरुंद ठेवायचा, म्हणजे उन्हाची तिरीप खालच्या पानापर्यंत उतरते.

कमिटीत दोघांनी विचारलं, की वर्ष-दीड वर्ष कुंपण घोट्याएवढंच राहणार का. मी हो म्हटलं. त्यांनी मान्य केलं.

तुम्हीही कुठे असं कुंपण करणार असाल तर रोपवाटिकेत उंच, डौलदार रोपाला हात घालू नका. खाली वाका, मातीपासून चार बोटांत किती डोळे आहेत ते मोजा, एक पान चुरडून वास घ्या, आणि तुमच्या भिंतीपलीकडे कोणाची संत्री-लिंबं आहेत का ते आधी पाहून या.